चौथा पेनड्राइव्ह

१

तिसरी प्रतही उठली नाही, तेव्हा धम्मपालच्या तोंडचं पाणी पळालं.

मुलुंड पूर्वेच्या त्या रक्तपेढीत सकाळी नऊ चाळीसला मुख्य सर्व्हर बंद पडला. त्यात नवल काही नव्हतं. मशीन म्हटलं की ते कधीतरी मरणारच, आणि म्हणून तर रोज त्याची प्रत काढून ठेवायची असते. धम्मपाल वाघमारे हे काम तीन वर्षं करत होता. जागचा न हलता त्याने शेजारच्या राखीव मशीनवर काल रात्रीची प्रत चढवली आणि बटण दाबलं. काळ्या पडद्यावर चार ओळी धावल्या आणि थांबल्या. डिस्क सापडत नाही, असं मशीन म्हणत होतं. मग त्याने मागच्या आठवड्याची प्रत चढवली, तीही तिथेच थांबली. महिन्यापूर्वीची प्रत म्हणजे शेवटचा आधार. तीही त्याच ओळीवर येऊन मुकी झाली.

त्या मशीनमध्ये एक यादी होती. बॉम्बे ब्लड ग्रुप हा दहा हजारांत एखाद्याचा रक्तगट, त्याला त्याच गटाचं रक्त लागतं, आणि त्या गटाच्या सव्वीस रक्तदात्यांची नावं, पत्ते, फोन त्या यादीत होते. तीन वर्षांपूर्वी अशा एका दात्याचा नंबर बाहेर फुटला आणि पेशंटचे नातेवाईक अपरात्री त्याच्या दारात जाऊन बसले. तेव्हापासून यादी कागदावर ठेवायची नाही, दुसरीकडे उतरवायची नाही, मशीनच्या डिस्कलाही कुलूप, असा कडक नियम झाला होता.

बाहेर बाकावर चैतन्य नावाचा तरुण बसला होता. पायाशी रिकामी बर्फपेटी, हातात घडी घालून घालून मऊ झालेली मागणीचिठ्ठी. त्याची बायको प्रियंका दोन गल्ल्या पलीकडच्या नर्सिंग होममध्ये होती. वार खाली सरकलेली, रक्तस्राव सुरू, आणि रक्तगट बॉम्बे. संध्याकाळी सातच्या पुढे ऑपरेशन थांबवता येणार नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. रक्त काढून, तपासून द्यायला तीन-साडेतीन तास लागतात. म्हणजे तीनच्या सुमारास रक्तदाता खुर्चीवर बसलेला हवा होता.

बाकीच्या पेढ्यांना फोन झाले होते. एकीकडची पिशवी परवाच मुदत संपून बाद झाली होती, बाहेरगावाहून येणारी उद्या सकाळी मिळणार होती. दात्यांना फोन करणाऱ्या ऋताला एकच नंबर पाठ होता, चेंबूरच्या देवेशचा. त्याने पंधरा दिवसांपूर्वीच रक्त दिलं होतं, आता तीन महिने त्याला देता येणार नव्हतं.

"झालं का रे?" ऋताने दारातून विचारलं.

धम्मपालने नकारार्थी मान हलवली. तिच्या खांद्यामागून चैतन्य त्याच्याकडे बघत होता. धम्मपालने नजर काढून घेतली आणि घाटकोपरला कुंदाताईंना फोन लावला.

२

कुंदा परांजपे म्हणजे टेलिफोन खात्यात तीस वर्षं काढून निवृत्त झालेली बाई. घाटकोपरला एका इमारतीच्या तळमजल्यावर लोकांच्या मेलेल्या डिस्का जिवंत करून द्यायच्या. गुडघे दुखत, जीभ मात्र ठणठणीत होती. साडेअकराला त्या आल्या, खुर्ची ओढली आणि तिन्ही प्रतींचे पडदे बघितले.

"तिन्ही एकाच ओळीवर पडल्या?"

"हो ताई. कोणीतरी बॅकअपच खराब करून ठेवलाय. महिनाभर आधीपासून."

"काहीतरी बरळू नकोस. एका घरातली तिघं एकाच दिवशी एकाच दुखण्यानं आडवी झाली, तर माणसांना काय तपासतोस? पाणी तपास." त्या राखीव मशीनच्या सेटिंगमध्ये शिरल्या. "तुझ्या जुन्या मशीनवर ही डिस्क एका जातीच्या कंट्रोलरला, म्हणजे डिस्क मशीनला जोडणाऱ्या भागाला, लावलेली होती. इथे चढवताना तू दुसऱ्याच जातीच्या कंट्रोलरला लावलीस. आत जी सिस्टीम आहे तिला पहिल्याचीच ओळख आहे. ती रोजच्या दाराशी जाऊन उभी राहते, आणि इथे दार भलतीकडेच."

त्यांनी एक पर्याय बदलला, प्रत पुन्हा सुरू केली. पडदा त्या ओळीच्या पुढे सरकला. पन्नास-साठ ओळी भराभर धावल्या. धम्मपालला हसू फुटणार एवढ्यात पडदा परत थांबला.

डिस्कला कुलूप आहे, किल्ली सापडत नाही, असं आता मशीन म्हणत होतं.

"किल्ली पेनड्राइव्हवर आहे," धम्मपाल म्हणाला. "जुन्या सर्व्हरच्या मागे कायम लावलेला असतो. मीच विसरलो तो इकडे लावायला." त्याने मेलेल्या सर्व्हरच्या मागे हात घालून काळा पेनड्राइव्ह उपसला आणि राखीव मशीनला लावला.

पडदा हलला नाही.

कुंदाताईंनी पेनड्राइव्ह काढून आपल्या लॅपटॉपला लावला, आत बघितलं आणि लॅपटॉपचं झाकण अर्धवट खाली केलं.

"धम्मपाल, ही किल्ली नाही. कुणीतरी दुसराच पेनड्राइव्ह इथे खोचून ठेवलाय."

३

सर्व्हरच्या खोलीच्या चाव्या दोनच. एक त्याच्याकडे, दुसरी झाडलोट करणाऱ्या सीतारामकाकांकडे.

"किल्लीची दुसरी प्रत?" ताईंनी विचारलं.

"नाही. विद्याधर सरांनी ही सिस्टीम बसवली. ते वारले. मी करणार होतो, ताई. दर महिन्याला म्हणायचो, या महिन्यात करू."

ताईंनी लॅपटॉपचा पेनड्राइव्ह काढून हातात घेतला. "पण मग इतके दिवस मशीन चाललं कसं?"

"बंदच केलं नव्हतं. सव्वा वर्ष सलग चालू होतं."

"बरोबर. किल्ली दार उघडताना लागते. आत बसलेल्याला ती कुणी पळवली तरी पत्ता लागत नाही." त्यांनी पेनड्राइव्ह उजेडात धरला, भिंगातून त्याच्या धातूच्या तोंडात पाहिलं आणि टाचणीने आतून काहीतरी खरवडून पांढऱ्या कागदावर पाडलं. लाल कण होते. त्यांनी बोटावर घेऊन चोळले. "कुंकू."

"सर्व्हरला दसऱ्याला कुंकू लावतात," धम्मपाल म्हणाला. कपाटाच्या दारावर सुकलेला ठिपका अजून होता.

"ते बाहेर, पुढच्या दाराला. हे आहे तोंडाच्या आत. तो मागे खोचलेला असता तर आत कुंकू गेलं असतं का? हा पूजेच्या वेळी बाहेर होता, पाटावर. ही पूजा कधी झाली?"

"खंडेनवमीला. ऑक्टोबरमध्ये. मी नव्हतो."

तो कधीच नसायचा. दर दसऱ्याला तो आईला घेऊन नागपूरला दीक्षाभूमीवर जाई. त्याच्या माघारी ऑफिसात पूजा होई, आणि त्यात नेमकं काय काय होतं हे त्याने तीन वर्षांत कुणाला विचारलं नव्हतं.

"आता हे वाच," म्हणत ताईंनी पेनड्राइव्ह परत लावून लॅपटॉपचं झाकण उघडलं. "यात एकच फाइल आहे. खंडेनवमीच्या सकाळी दहा वाजून दहा मिनिटांनी लिहिलेली."

ते रक्तपेढीच्या विश्वस्तांना लिहिलेलं पत्र होतं. सिस्टीम सांभाळणारा धम्मपाल वाघमारे ऑफिसच्या पूजेला मुद्दाम गैरहजर राहतो. त्याला इथल्या रीतीभातींबद्दल आदर नाही. तो दर सोमवारी वहीत 'बॅकअप तपासला' अशी सही करतो, पण आजवर एकदाही बॅकअप उघडून पाहिलेला नाही. त्याला काढून टाकावं. खाली सही, एक हितचिंतक.

धम्मपालने ते दोनदा वाचलं. पहिल्या ओळींनी त्याचे कान तापले. तिसऱ्या ओळीवर तो अडकला.

"ही सोमवारची गोष्ट खरी का रे?"

धम्मपालने भिंतीकडे पाहिलं. भिंतीवरच्या खिळ्याला ती वही टांगलेली होती. ताईंनी एकदा तिच्याकडे पाहिलं, एकदा त्याच्याकडे पाहिलं आणि विषय तिथेच सोडला.

"म्हणजे असं झालं," त्या म्हणाल्या. "पूजेच्या गडबडीत दोन पेनड्राइव्हांची अदलाबदल झाली. या पत्रवाल्याचा इथे आला आणि तुझी किल्ली त्याच्याकडे गेली. हे पत्र कुणी लिहिलं ते शोध, किल्ली आपोआप सापडेल."

घड्याळात पाऊण वाजत होता. याच भिंतींच्या आत कुणाला तरी आपण इतके नकोसे आहोत, आणि बाहेर बाकावर बसलेल्या चैतन्यच्या बायकोचा जीव त्याच पत्रवाल्याच्या खिशात आहे, या विचाराने धम्मपाल दाराकडे वळला.

४

सीतारामकाकांना बोलावलं, तर ते आधीच रडवेले झाले होते. मालवणकडचा साठीचा माणूस, पेढीत पंचवीस वर्षं.

"मॅडम, माझा काय चुकला? दरवर्षी सगळी हत्यारा पाटार येवक व्हयी ना? कात्र्यो, चिमटे, चाव्यो, पेनड्राइव्ह. मागे लावलेलो तो एकटोच कित्याक रवात म्हणान मीच काढलंय. धम्मपाल नाय तर त्याच्या मशीनचा एक तरी हत्यार पूजेक नको?"

म्हणजे त्या म्हाताऱ्याने धम्मपालच्या वाटणीचा नमस्कार घालायला म्हणून किल्ली उपसली होती. धम्मपालला त्यांच्यावर रागावताही येईना.

"आणि परत कुठला लावलात?"

"सगळे सारखेच काळे. एकाच खोक्यातले. हातीक गावलो तो लावलंय." काकांनी दाराबाहेरच्या बाकाकडे पाहिलं. "ती बाई वाचतली ना ओ?"

पेढीच्या प्रमुख डॉक्टर अनुपमा साने यांनी न विचारता पर्स उघडून आपला पेनड्राइव्ह पुढे केला. त्याच्या खाचेत हळद होती आणि आत गेल्या उन्हाळ्यातल्या शिबिराचे फोटो. "मी पूजेला ठेवला होता, तोच परत घेतला," त्या म्हणाल्या. "कुंदाताई, कुणावर संशय घ्यायचा तो घ्या, पण लवकर घ्या."

ऋताने चावीच्या जुडग्यातून आपला काढून दिला. त्यात तिच्या मुलीच्या शाळेचा प्रकल्प होता, जूनपासूनचा. "माझं मेलीचं डोकंच चालत नाहीये," ती म्हणाली. "चैतन्य मला दर पाच मिनिटांनी विचारतोय, मॅडम, फोन लागला का? काय सांगू गं बाई मी त्याला?"

राहिला धवल. धवल मर्चंडे ऑफिसचा कारभार बघायचा, काचेच्या केबिनीत बसायचा. धम्मपालची खोली त्याला तिथून सरळ दिसे.

"माझा पेनड्राइव्ह तर केव्हाच हरवला," तो म्हणाला. "दसऱ्याच्या चांगला आठवडाभर आधी. त्यामुळे पूजेला माझा नव्हताच. आणि ताई, स्पष्ट बोलतो, हा सगळा तमाशा कशाला? बॅकअप चालत नाही, ही सरळ याची जबाबदारी. याची वाट लागली म्हणून आता पूजेवर ढकलायचं?"

त्यातलं निम्मं खरं होतं, हे धम्मपालला ठाऊक होतं.

धवल गेल्यावर ताईंनी बोटं मोडली. "एकतर हा खरं बोलतोय आणि चौथं कुणी तरी आहे. नाहीतर... पाटावर किती पेनड्राइव्ह होते, हे काकांना आठवत नाही. कुणाला आठवणार?"

तेवढ्यात धम्मपालने खिशातून मोबाइल काढला. ऑफिसच्या ग्रुपवर दरवर्षी पूजेचा फोटो येतो. तो भराभर ऑक्टोबरपर्यंत मागे गेला. फोटो होता. त्याखाली त्याने स्वतः हात जोडल्याचं चित्र टाकलं होतं, नागपूरच्या गर्दीतून, फोटो न उघडताच.

त्याने तो उघडला आणि मोठा केला. झेंडूच्या माळा, कात्र्या, चाव्या, आणि पाटाच्या कडेला ओळीने ठेवलेले काळे पेनड्राइव्ह. एक, दोन, तीन.

आणि चौथा.

५

दीड वाजता ताईंनी सगळ्यांना खोलीत बोलावलं. चैतन्यही दारापाशी येऊन उभा राहिला, त्याला जा म्हणायला कुणाची जीभ रेटली नाही.

"मी कुणाचं नाव घेत नाही," ताई म्हणाल्या. "किल्लीचा पेनड्राइव्ह तुमच्यापैकी एकाकडे आहे. त्यावर किल्ली वेगळ्या पद्धतीने लिहिलेली असते. ऑफिसच्या कॉम्प्युटरला लावला की कॉम्प्युटरला तो वाचता येत नाही, आणि तो विचारतो, फॉरमॅट करू का? कुणी हो म्हटलं असेल, तर आतलं पुसलं गेलं. मग यांची बायको गेली."

चैतन्यने दाराची चौकट धरली.

"पण नुसतं क्विक फॉरमॅट केलं असेल," धवल घाईघाईने म्हणाला, "वर दुसरं काही भरलं नसेल, तर परत काढता येतं ना?"

चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते असं.

"येतं," ताई शांतपणे म्हणाल्या. "क्विक फॉरमॅटमध्ये फक्त अनुक्रमणिका फाटते, पानं जागच्या जागी असतात. पण धवल, तुझा तर दसऱ्याआधीच हरवला होता. क्विक की पुरतं, भरलं की रिकामं, याची चौकशी तुला कशाला?"

"मी आपलं सहज..."

"हा फोटो बघ. पाटावर चार आहेत. एक किल्ली. एक डॉक्टरांचा, एक ऋताचा, दोन्ही आत्ता इथे टेबलावर आहेत, आणि दोन्हींत त्यांच्याच जुन्या फाइली आहेत, म्हणजे ते बदललेले नाहीत. मग चौथा कुणाचा? जो सर्व्हरच्या मागे सापडला त्याचा. त्याच्या मालकाने पूजेच्या दिवशी सकाळी दहा दहाला त्यावर एक पत्र लिहिलं. आठवडाभर आधी हरवलेल्या पेनड्राइव्हवर पत्र लिहिता येत नाही. खोटं बोलायची गरज तुला एकट्यालाच पडली, कारण पत्र कुणाचं हे कळलं असतं."

"कसलं पत्र?" अनुपमा मॅडमनी विचारलं. ताई धवलकडेच बघत राहिल्या.

धवलचा चेहरा पांढराफटक पडला होता. "मला माहीत नव्हतं ते काय आहे," तो पुटपुटला. "पूजेनंतर माझा म्हणून लावला, तर फॉरमॅट मागितलं. मी केलं. मग लक्षात आलं, आपला दुसऱ्याच कुणाच्या हातात गेला. तीन महिने वाट बघत होतो, आता कोण बोलतं, मग कोण बोलतं. आज तुम्ही किल्ली बदलली म्हणालात तेव्हा..."

"तेव्हा कळलं," ऋता ओरडली. "पाऊण तास झाला, धवल! पाऊण तास तू केबिनमध्ये गप्प बसलास!"

चैतन्य पुढे आला. सगळ्यांना वाटलं, आता तो हात उचलणार. पण त्याने धवलच्या पुढे दोन्ही हात जोडले.

"साहेब, कुठाय ते? द्या ना."

धवल केबिनीकडे पळाला.

६

ताईंच्या लॅपटॉपवर पट्टी इंचाइंचाने पुढे सरकत होती. धम्मपाल समोर उभा होता. क्विक फॉरमॅट केल्यावर धवलने वर काही भरलं नाही हा त्याचा शब्द होता, आणि आजच्या दिवशी धवलच्या शब्दाची किंमत काय होती हे सगळ्यांना ठाऊक होतं. चाळीस टक्के. साठ. सीतारामकाका कोपऱ्यात डोळे मिटून काहीतरी पुटपुटत होते.

दोन वाजून पाच मिनिटांनी ताई म्हणाल्या, "निघाली. लाव."

धम्मपालने नव्या पेनड्राइव्हवर उतरवलेली किल्ली लावली, बटण दाबलं. ओळी धावल्या. कंट्रोलर, डिस्क. कुलपाची ओळ आली आणि थांबली. मग ती ओळ वर सरकली, तिच्यामागून दुसरी आली, आणि नेहमीचा निळा पडदा उजळला.

ऋता त्याला बाजूला सारून खुर्चीवर बसली होती. सव्वीस नावं. पहिले दोन फोन उचललेच गेले नाहीत. तिसरे कुर्ल्याचे नंदकिशोर कांबळे, ते म्हणाले, निघालोच. सहावी वर्सोव्याची शकु, मासळी वाळत घालत होती. "आयलेच मी, रिक्शा पाठव," एवढं बोलून तिने फोन ठेवला. तीनला दहा कमी असताना कांबळे खुर्चीवर बसले आणि त्यांच्या दंडाला पट्टा बांधला गेला. साडेतीनला शकु आली.

सात वाजायला पाच मिनिटं असताना चैतन्य बर्फपेटी छातीशी धरून गेला. आठ वाजता त्याचा ऋताला फोन आला. मुलगी झाली होती, आणि प्रियंका शुद्धीवर होती. ऋता फोन हातात धरून ढसाढसा रडली. सीतारामकाकांनी कुणी न सांगता सगळ्यांना चहा आणला.

अनुपमा मॅडमच्या केबिनीतून धवल बाहेर पडला तो कुणाकडे न बघता जिना उतरून गेला. उद्यापासून त्याने यायचं नव्हतं.

"बस," मॅडम धम्मपालला म्हणाल्या. "तुझ्याबद्दल त्याने काहीतरी लिहिलं होतं म्हणे. मला ते वाचायचंही नाही. फाडून टाक. आज तू नसतास तर..."

"मॅडम, मी होतो म्हणूनच हे झालं," धम्मपाल म्हणाला.

त्याने ते पत्र छापून आणलं होतं. सोबत खिळ्यावरची वहीही आणली होती. तीन वर्षांतले दीडशेच्या वर सोमवार, प्रत्येकापुढे 'तपासला', प्रत्येकापुढे त्याची वळणदार सही. त्यातल्या एका तरी सोमवारी त्याने एखादी प्रत राखीव मशीनवर चढवून उठवून बघितली असती, तर तो कंट्रोलर तेव्हाच कळला असता. किल्ली गेल्याचंही खंडेनवमीनंतरच्या पहिल्या सोमवारी कळलं असतं. बाकावर कुणी बसलेलं नसताना कळलं असतं.

कुंदाताई दाराशी चपला घालत होत्या. त्या थांबल्या.

धम्मपालने खिशातलं पेन काढलं. पत्रातल्या पूजेच्या आणि रीतीभातींच्या ओळींवर त्याने शांतपणे काट मारली. सोमवारची ओळ तशीच ठेवली. मग खाली 'एक हितचिंतक' खोडून तिथे स्वतःचं पूर्ण नाव लिहिलं आणि कागद मॅडमच्या पुढे सरकवला.